कॅमेऱ्यातील सुधारणा आणि जावयाचा राहिलेला फोटो

औसा
शुक्रवार, नमाजानंतर, दुकानाचं शटर अर्धं वर करून

चि. यासेर,

अस्सलामु अलैकुम आणि सोबत अनेक उत्तम आशीर्वाद. (दोन्ही एकदम पाठवतोय. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाची ही खोड आहे, तू समजून घे.) तब्येत कशी आहे? सूनबाई उमैमाचा खोकला गेला का? मनतशाचे पुढचे दात आले का? व्हिडिओ कॉलवर ती रोज तोंड उघडून दाखवते, पण नेमकं तेव्हाच नेट अडकतं, त्यामुळे आम्ही आजवर फक्त तिची पडजीभ पाहिली आहे. तुझ्या अम्मीला माझा सलाम सांग आणि हैद्राबादेतल्या पाण्यानं केस गळतात ही तक्रार त्यांनी थांबवावी असंही सांग, औशाच्या पाण्यानं माझे राहिलेले नाहीत. इकडे आम्ही खुशाल आहोत. शुगर मी तपासत नाही, त्यामुळे ती वाढलेली नाही. तुझ्या फरीदा चाचींची तब्येत उत्तम आहे, ते आवाजावरून गल्लीच्या तोंडापर्यंत समजतं.

तू फोनवर म्हणालास की कॅमेऱ्याची कंपनी पुढचं मॉडेल काढण्याआधी लोकांकडून सुधारणा मागवते आहे, आणि चाचांचा जन्म कॅमेऱ्यामागे गेला, तेव्हा त्यांनी काय ते लिहून पाठवावं. मोबाईलवर लिही म्हणालास. बेटा, मी मोबाईलवर एक अक्षर दाबलं की शेजारची दोन अक्षरंही आपणहून येतात, म्हणून कागद घेतला. याचं इंग्रजी तू कर. मध्येमध्ये आपल्या घरच्या गोष्टी येतील त्या कंपनीला कळवू नकोस, आणि कुठे माझा तोल गेला असेल तर तिथं तू सभ्य शब्द घाल.

आधी उपकार मानतो, मग तक्रारी सांगतो. उलटं केलं तर उपकारांना कागद उरणार नाही. ईदी ही मोठ्यांनी लहानांना द्यायची असते, तू ती चाचाला धाडलीस. खोकं उघडलं आणि मी तिथंच स्टुलावर बसलो. हुबेहूब तुझ्या अब्बांचा, आमच्या अकरमभाईंचा कॅमेरा. तसंच काळं कातडं, तसाच वरचा रुपेरी पत्रा, तशाच बोटांनी फिरवायच्या चकत्या, आणि अंगठ्यापाशी रोल पुढे सरकवायचा तसाच खटका. आत रोल नाही, तरी खटका आहे. मी तो ओढून पाहिला आणि अकरमभाई शेजारी उभे राहून ‘हळू ओढ, लग्न आपल्या घरचं नाही’ म्हणताहेत असं वाटलं. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला काही वाटत नाही. फरीदानं मात्र खोक्यात डोकावून विचारलं की यासेरनं जुना का पाठवला, नवा महाग होता का?

तर पहिली सुधारणा इथंच लिहून घे. कॅमेरा जुन्यासारखा दिसावा हे ठीक, पण तो नवा आहे हे कुठंतरी मोठ्या अक्षरांत छापावं. आठवडाभर सगळा बाजार मला भेटायला येत होता आणि तोंडं अशी करून बसत होता की मला दुखवटा वाटायला लागला. समोरच्या चहावाल्यानं तर पोराला हैद्राबादेत फसवलं म्हणून माझा चहा फुकट केला. (तेवढ्या दिवसांचा चहा मी प्यायलो, खोटं कशाला बोलू.) एकानं आपल्या कपाटातून मुदत संपलेला रोल शोधून आणून दिला. त्याला हा रोल यात बसत नाही, यात कार्ड असतं, असं मी समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि जाताना विचारलं, धुऊन कधी देता?

दुसरी गोष्ट त्या पुढच्या चकतीची. ती फिरवली की फोटो जुन्या काळातला दिसतो, पिवळट, नाहीतर काळापांढरा. ज्यानं ही चकती केली त्याच्या बोटांत कला आहे हे मी मान्य करतो. पण तिला कुलूप नाही. तुझी चाची सकाळी दुकान पुसते तेव्हा जे फिरतं ते सगळं फिरवून पुसते, पंख्याच्या बटणापासून माझ्यापर्यंत. परवा शेतकऱ्यांच्या कार्डाला लागणारे फोटो काढले, ते सगळे पिवळट निघाले. माझ्या लक्षात येण्याआधी छापूनही झाले. गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिलं आणि म्हणालं, “ह्यो मी न्हाई, आमचा आजा हाय. तुमच्याकडं कसा आला?” बरं, आज्याचा फोटो त्यांच्या घरात नव्हता, म्हणून ते त्यानं ठेवून घेतले आणि स्वतःचे परत काढायला लावले.

आवाजाचंही लिही. जुना कॅमेरा खट्याक वाजायचा आणि त्या आवाजावर माणसं श्वास सोडायची. हा वाजतो तो पाल चुकचुकल्यापेक्षा हळू. लोकांना कळतच नाही की झालं. परवा एक म्हातारे गृहस्थ पेन्शनच्या फोटोला बसले, मी दाबलं, फोटो निघाला, मी आत छापायला गेलो, आणि बाहेर आलो तर ते अजून छाती फुगवून तसेच बसलेले, तोंड जांभळं. पाणी पाजलं तेव्हा बोलू लागले. आणि कॅमेऱ्याच्या अंगाला पकड कुठंच नाही. ओल्या साबणासारखा हातातून निसटतो. मी गळ्यात पट्टा घालूनच वापरतो, अगदी जेवतानासुद्धा, कारण ताटाजवळ ठेवला की तुझी चाची पुसते.

आता जी मुख्य तक्रार आहे तिच्याकडे येतो. त्यासाठी तुला एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे, जी तुझ्या अम्मीनं तुला सांगितली नसणार.

रोलच्या काळात लग्नात एक रीत होती. रोलमध्ये फोटो छत्तीस, आणि मांडवात माणसं हजार. प्रत्येक मावशीला, प्रत्येक मामाच्या साडूला वाटायचं की आपला एक निघावा. नाही म्हणावं तर भांडण. म्हणून फोटोग्राफर हसून ‘या, उभे राहा’ म्हणायचा, फ्लॅश मारायचा, आणि रोल पुढे सरकलेलाच नसायचा. त्याला आम्ही धंद्यातले लोक खाली फ्लॅश, म्हणजे रिकामा फ्लॅश, म्हणायचो. माणूस खूश, मांडव शांत. असा फ्लॅश लातूरपासून माहूरपर्यंत सगळ्यांनी मारला आहे, आणि जो नाही म्हणेल त्यानं लग्नाचे फोटो काढले नाहीत, एवढंच समजायचं. पण त्यातही एक नियम होता. नवरानवरी, त्यांचे आईबाप आणि जावई, यांच्यावर खाली फ्लॅश मारायचा नाही.

औशापासून एसटीनं थोडं आत एक वाडी आहे. तिथल्या गुणाबाईच्या धाकट्या भावाचं लग्न तुझ्या अब्बांनी केलं होतं (म्हणजे फोटो काढले होते, लग्न त्यानंच केलं). गुणाबाईचं स्वतःचं लग्न त्याच्या आदल्या वर्षी झालेलं, तेव्हा दुष्काळ होता आणि फोटोबिटो काही नव्हते. म्हणून भावाच्या मांडवात ती आणि तिचे मालक धोंडप्पा नटून, खुर्च्या मागवून, खास फोटोला बसले. अकरमभाईंनी फ्लॅश मारला. महिन्याभरानं अल्बम आला. त्यात सगळे होते. बँडवाले होते, मांडवाखाली शिरलेलं कुत्रं दोनदा होतं. जावईबापू नव्हते.

तुला आता हे साधं वाटेल. पण सासुरवाडीच्या अल्बममध्ये कुत्रं आहे आणि जावई नाही, म्हणजे काय झालं ते मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. धोंडप्पांनी त्या दिवशी सांगून टाकलं की अकरमनं आपल्यावर खाली फ्लॅश मारला, आणि आपण पुन्हा जन्मात कॅमेऱ्यासमोर बसणार नाही. ती आण त्यांनी आजवर पाळली. (आधार कार्डाचा फोटो हा फोटो नव्हे असं त्यांचं मत आहे, आणि ते कार्ड पाहिल्यावर आपलंही तेच होतं.) तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं. त्या वाडीत बोलण्यातच ते बसलं. कुणी काही कबूल केलं आणि दिलं नाही की तो ‘अकरमचा फोटो’. पुढारी रस्ता मंजूर झाला म्हणून सांगून गेला की लोक विचारतात, खरंच की अकरमचा फोटो? मी वाडीत गेलो की माझ्यासमोर हे कुणाच्या तरी तोंडून निघतं आणि मग तो माणूस जीभ चावतो. त्याचं ते जीभ चावणं मला जास्त लागतं. तुझ्या अम्मीसमोरही एकदा बाजारात असंच झालं होतं. त्या भाजी न घेताच घरी आल्या.

त्या दिवशी भाईजाननं खरंच खाली मारला, की धुताना तेवढा तुकडा खराब झाला, हे मला माहीत नाही, आणि मी छातीवर हात ठेवून हे लिहितो. मी त्या लग्नात नव्हतो. विचारीन विचारीन म्हणत राहिलो, आणि मग ज्यांना विचारायचं ते राहिले नाहीत. एकच माणूस इतकी वर्षं त्यांच्या बाजूनं होतं, आणि ते म्हणजे खुद्द गुणाबाई. तिचं म्हणणं, अकरमभाई खोटं करणारा माणूसच नव्हे. फोटो निघालाय, रोल त्याच्या कॅमेऱ्यात अडकून राहिला असणार. यावरून नवराबायकोत आजवर वाद आहे. लोकांच्या घरात पैशावरून, जमिनीवरून होतात, यांच्या घरात तुझ्या अब्बांवरून होतो.

तर ही गुणाबाई मागच्या पंधरवड्यात पीक विम्याचा कागद काढायला माझ्या दुकानात आली आणि काउंटरवर तुझा कॅमेरा बघून दारातच थांबली. तिनं बोट दाखवलं.

“घावला व्हय?” म्हणाली. “म्या म्हणलंच हुतं. रोल हाय का त्यात अजून?”

मी खरं सांगितलं. हा त्यांचा नाही, त्यांच्या मुलानं नवा पाठवला आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हा माणूस भावाची बाजू घ्यायची सोडून असं काय बोलतोय. मग तिनं पदर सावरला आणि आवाज खाली आणून मला जे सांगितलं ते ऐकून विम्याचा कागद मी उलटा छापला. म्हणाली, “भाऊ, माझा आन् त्यांचा मिळून एकबी फोटो न्हाई. पोरींच्या लग्नात बी त्यो माणूस बाजूला जाऊन हुबा राहिला. मला एक पायजे. तुमच्या भावानं राखून ठिवलाय त्यो तुम्ही द्या.”

मी म्हटलं, काकांना घेऊन या.

बाजाराच्या दिवशी ती धोंडप्पांना घेऊन आली. ते फोटोला आले नव्हते, वाद जिंकायला आले होते. कॅमेरा उघडा, रोल दाखवा, आत काही नसतं हे मी आधीच सांगून ठेवतो, असा त्यांचा सूर. मी म्हटलं, धोंडप्पाकाका, हा नवा आहे, यात दाबल्या दाबल्या मागच्या काचेवर फोटो दिसतो, तुम्ही फक्त बसा, इथल्या इथं तुम्हाला दाखवतो. खाली फ्लॅशचा प्रश्नच नाही. त्यांच्या आणेचं काय, असंही ते म्हणाले. मी म्हटलं, आण रोलच्या कॅमेऱ्यावर घेतली होती, याच्यात रोल नाही. (ही वकिली मला कशी सुचली मला ठाऊक नाही. तुझ्या चाचीसमोर कधी सुचत नाही.) गुणाबाईनं त्यांच्या खांद्याला धरून बाकावर बसवलं आणि आपण शेजारी बसली. जन्मभर लग्नं केली, पण एवढ्या महत्त्वाचा फोटो मी काढला नव्हता. मी खटका ओढला, नेम धरला आणि दाबलं.

मागची काच काळी.

बेटा, ही ती मुख्य तक्रार. त्या कॅमेऱ्यात कुठंतरी एक सोय आहे, जुन्या रोलची गंमत वाटावी म्हणून. ती चालू झाली की छत्तीस फोटो पुरे होईपर्यंत एकही बघता येत नाही, आणि मधून बाहेर कसं पडायचं ते मला माहीत नाही. ती कशी चालू झाली हे मी विचारणार नाही. सकाळी दुकान पुसलं गेलं होतं, एवढंच लिहितो. काचेवर फक्त एक इंग्रजी ओळ आली, की पस्तीस बाकी. ज्या घरात त्या एका फोटोवरून जन्म गेला, त्यांच्यासमोर मी परत तेच सांगत होतो, की निघालाय, पण दाखवता येत नाही. धोंडप्पांनी हाताची घडी घातली. माणूस निवडणुकीत निवडून आल्यावरही इतका समाधानी दिसत नाही. आणि गुणाबाई मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मला भाईजानची आठवण झाली आणि मी तुला फोन लावला. तू मीटिंगमध्ये होतास. तीनदा लावला, तीनदा मीटिंग. (त्या वेळी मी तुला जे बोललो ते तुला ऐकू गेलं नाही, आणि आता मी ते परत घेतो. तू उचलला असतास तर दोन बटणं दाबून ती सोय बंद करायला सांगितली असतीस आणि पुढचं काहीच झालं नसतं. तेव्हा त्या मीटिंगचेही आभार.)

मी म्हटलं, काका, अजून पस्तीस काढले की पहिला दिसेल. ते म्हणाले, “काढा की. म्या बसलोच हाय. पर खाली दाबायचा न्हाई. म्या बगून राहिलो.” आणि खरंच ते माझ्या मागं उभे राहिले, हिशेब तपासायला आलेल्या साहेबासारखे.

दुकानात काढण्यासारखं होतं काय? झेरॉक्सचं मशीन, कॅलेंडर, फरीदा (ती नको म्हणत होती आणि केस सारखे करत होती). मग आम्ही बाहेर पडलो. चहावाला, त्याचं पातेलं, स्टँडवरची एसटी, एसटीतून मान बाहेर काढून कोण फोटो काढतंय म्हणून बघणारे. पहिल्यांदा धोंडप्पा फक्त पहारा देत होते. मोंढ्यात गेल्यावर ते म्हणाले की हे काय काढता, त्या सोयाबीनच्या ढिगावर ऊन बघा कसं पडलंय, ते काढा. ते काढलं, आणि खरंच काढण्यासारखं होतं. मग त्यांच्या ओळखीचे एक हमाल भेटले, त्यांना त्यांनी स्वतः उभं केलं, टोपी सरळ केली आणि मला म्हणाले, वाकून काढा, म्हंजे उंच दिसंल. किल्ल्याच्या खंदकापाशी पोचेपर्यंत काय काढायचं हे तेच ठरवू लागले होते आणि मी फक्त खटका ओढत होतो. तिथं त्यांनी मला थांबवलं आणि जरा घुटमळून विचारलं की एक मी दाबू का? मी पट्टा काढून त्यांच्या गळ्यात घातला. त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला आणि वळून गुणाबाईकडे नेम धरला. ती म्हणाली, “अगं बाई, मला कशाला!” आणि तोंड पदरात घातलं. ते म्हणाले, “गप हुबी रहा. रोल वाया जातो.”

त्यांनी दाबलं, आणि बॅटरी संपली. हीही तक्रार लिही, बॅटरी अगदी चिमुकली आहे, आगपेटीएवढी. दुकानात परत येऊन ती चार्जिंगला लावली आणि आम्ही बसलो. त्यांची एसटी आमच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. मी म्हटलं, काका, तुम्ही जा, मी नंतर पुरे करून कळवतो. ते म्हणाले, “कळवतो असं तुमचा भाऊबी म्हणला हुता.” त्या दिवशी आमच्या चुलीवर काय शिजत होतं ते लिंगायत माणसासमोर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून फरीदानं केळी आणि शेंगदाणे पुढं केले आणि चहावाल्याकडून चहा आणवला. धोंडप्पा केळ्याची साल सोलून आधी बायकोला देत होते आणि मग आपण खात होते. हे त्यांच्या ध्यानात नव्हतं आणि आमच्या होतं. गुणाबाई आमच्या फरीदाला भावाच्या लग्नातली आपली साडी कोणत्या रंगाची होती ते सांगत होती, तर हे मध्येच म्हणाले, अंजिरी नव्हती, मोरपंखी होती. ज्या दिवसाचं नाव काढलं तरी ज्यांना राग यायचा, त्या दिवसाची साडी त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

बॅटरी भरली. राहिलेले फोटो आम्ही भराभर काढले, काही तर दुकानाच्या पायरीचेच. छत्तिसावा निघाला आणि काच उजळली. एकेक करून मागं जायचं होतं. पायरी, पायरी, केळीची सालं, मग धोंडप्पांनी काढलेला गुणाबाईचा फोटो. त्यात निम्मा त्यांचा अंगठाच होता, आणि उरलेल्या निम्म्यात पदराआडून हसणारे दोन डोळे. मग मोंढा, स्टँड, फरीदा. (फरीदाचा उत्तम आलाय, तो तुला वेगळा पाठवतो, नाहीतर ती हे पत्र टपालात पडू देणार नाही.) आणि सगळ्यात शेवटी तो पहिला.

निघाला होता, यासेर. स्वच्छ निघाला होता. धोंडप्पा ताठ, जबडा आवळून, पोलीस ठाण्यात फिर्याद द्यायला आल्यासारखे समोर बघताहेत. आणि गुणाबाई कॅमेऱ्याकडे बघतच नाही. ती त्यांच्याकडे बघते आहे, हा माणूस आता उठून जातो की काय या धास्तीनं, आणि बसला आहे म्हणून हरखून. दोन्ही एकाच तोंडावर. मी कितीक नवरानवरींना एकमेकांकडे बघा म्हणून ओरडलोय. असं कुणी बघितलेलं मला आठवत नाही.

धोंडप्पांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. काच फार लहान आहे, ही तक्रार इथं लिहायला हवी, पण त्या वेळी मला ती नीट दिसत नव्हती, त्यात काचेचा दोष नसावा. मग म्हणाले, “ही अशी बघती का माझ्याकडं?”

गुणाबाई म्हणाली, “रोजच बघती. तुमी समोर बघत असता.”

मी छापायला आत गेलो, आणि जरा जास्त वेळ आत राहिलो.

तर बेटा, तक्रारी एवढ्या. तुझ्यामुळे एका बाईला नवऱ्याशेजारचा आपला फोटो मिळाला आणि माझ्या दुकानात पुन्हा एकदा खरा फोटो काढला गेला, एरवी नुसते छापले जातात. याबद्दल तुझे उपकार मानावेत तेवढे थोडे. अल्लाह तुला बरकत देवो आणि तुझ्या मीटिंगा कमी करो. उमैमाला आणि मनतशाला दुआ. पत्र पोचल्याचं कळव, मीटिंगमधून वेळ काढून.

तुझा
नासिर चाचा

ता. क. : वरच्या सगळ्या सुधारणा रद्द समज. रात्री पडल्यापडल्या विचार केला, तेव्हा कळलं की काच लगेच उजळली असती तर ते दोघं फोटो घेऊन पहिल्या एसटीनं गेले असते, आणि बॅटरी मोठी असती तर साडीच्या रंगाचा विषय कुणी काढला नसता. कंपनीला लिही की कॅमेरा आहे असाच ठेवा, त्याला हात लावू नका. फक्त त्या चकतीला कुलूप लावा. ते कंपनीसाठी नाही, आमच्या घरातल्या शांततेसाठी.

आणखी ता. क. : या पाकिटात एक फोटो घातला आहे, तो वाकवू नकोस. धोंडप्पांनी दोन प्रती मागितल्या, तेव्हा मला वाटलं की दुसरी सासुरवाडीला नेऊन त्या अल्बममध्ये डकवायची असेल, कुत्र्याच्या शेजारी. काल ते प्रती घ्यायला एकटेच आले. एक त्यांनी टोपीत ठेवली आणि दुसरी माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, काका, ही तुमचीच आहे. ते उंबऱ्यापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि माझ्याकडे न बघता बोलले. ते काय बोलले ते मी खाली लिहितो. आधी तू वाच, मग फोटो अम्मीच्या हातात दे आणि त्यांना हे शब्द जसेच्या तसे सांग, माझ्यासारखी लांबण लावू नकोस. ते म्हणाले, “अकरमभाईच्या घरी धाडा. म्हणावं, जावयाला फोटो पोचला.”